गुंठाभर हिरवळ: बेळगाव भागात लॉन लावताना अंतराचा आणि खताचा हिशेब

निपाणी-चिक्कोडीकडच्या एखाद्या जुन्या शेतकऱ्याला सांगून बघा की शहरातली माणसं पैसे मोजून हरळी विकत घेतात. तो आधी हसेल, मग तुमच्याकडं संशयानं बघेल. त्याचा अर्धा जन्म नांगरामागून हरळीच्या काशा वेचण्यात गेलेला असतो. पण गणपतीला वाहतो त्या दूर्वा, कन्नडमधली गरिके आणि क्रिकेटच्या मैदानावरचं बर्म्युडा गवत ही सगळी एकाच घरातली. रानात नको असताना न मरणारी हीच हरळी घरापुढं हौसेनं लावली की भरत नाही. असं का होतं, ते माझ्या पहिल्या फसलेल्या लॉनवरून सांगतो.

घरापुढं बरोबर एक गुंठा जागा होती, म्हणजे 33 बाय 33, 1089 चौरस फूट. रोपवाटिकेतल्या माणसानं सांगितलं, ‘फूट-फूट अंतरावर लावा, वर युरिया मारा, दोन महिन्यांत भरतंय बघा.’ मी मेक्सिकन लॉनचे तुकडे फूटभर अंतरावर लावले आणि युरिया मुठीनं मारला. दोन महिन्यांत भरलं खरं, पण लव्हाळा नावाच्या तणानं. गवताचे ठिपके पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ठिपकेच राहिले. नंतर हिशेब मांडून बघितला तेव्हा चूक कळली. तो हिशेब पुढं येईल, आधी बाकीचं.

कुठलं गवत

रोपवाटिकेत नावं ढीगभर ऐकू येतात: सिलेक्शन वन, अमेरिकन ब्लू, मेक्सिकन, कोरियन, कार्पेट. एकाच गवताला दोन दुकानांत दोन नावंही असतात. त्यामुळं नावापेक्षा गवत हातात घेऊन बघा. आपल्या कामाचे गट दोनच. पहिला हरळीचा, म्हणजे बर्म्युडा आणि त्याच्या सुधारित जाती. पान बारीक, लांब धावणारे वेल, वाढ झपाट्याची, पण दिवसाला 6 ते 8 तास उघडं ऊन पाहिजेच. दुसरा झोयशियाचा. आपल्याकडं मेक्सिकन आणि कोरियन म्हणून विकतात ते बहुतेक याच गटातलं. पान ताठ, गादी दाट, कापणी कमी, थोडी सावली चालते, पण पसरतं गोगलगायीच्या चालीनं. कोरियन तर उंचवट्या-उंचवट्यांनी फुगतं. दिसायला छान, कापायला कटकट.

आंब्या-फणसाच्या दाट सावलीत यातलं काहीच टिकणार नाही. तिथं फरशी घाला नाहीतर सावलीतली झाडं लावा, उगीच पैसे घालवू नका.

कधी लावायचं

‘पावसाळ्यात लावा’ हा सरसकट सल्ला आमच्या पट्ट्यात अर्धाच खरा आहे. ही गवतं उष्ण हवामानातली. 27 ते 35 अंश तापमान आणि भरपूर ऊन असलं की ती जोरात धावतात. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर. जुलैमध्ये इथं दिवसाचा पारा 25 अंशांच्या आसपास घुटमळतो, आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, झडीचा पाऊस चालू असतो. अशा हवेत गवत मरत नाही, पण पसरतही नाही. खानापूरकडं तर नुकतं लावलेलं गवत मातीसकट वाहून जातं. अथणी-रायबागची गोष्ट वेगळी. तिथं पाऊस मुळात कमी, ढगांतून ऊन डोकावतं, त्यामुळं जून-जुलैची लागण चालून जाते.

बेळगाव, खानापूर, हुक्केरीच्या पश्चिम भागासाठी मी दोन वेळा सांगेन. पहिली रोहिणी नक्षत्र, म्हणजे मे अखेर. वळवाचे एक-दोन पाऊस झालेले असतात, जमीन तापलेली असते, आणि मृग जोर धरेपर्यंत मुळं पकडून बसतात. मात्र या काळात विहिरीचं किंवा बोअरचं पाणी हाताशी हवं. नळाच्या भरवशावर मे महिन्यात लॉन लावू नये. दुसरी वेळ उत्तरा नक्षत्र, सप्टेंबरचा मध्य. पाऊस ओसरलेला, ऊन परत आलेलं. हरळी गटाला ही वेळ पुरते. झोयशियाला पुरत नाही, कारण डिसेंबरची थंडी पडेपर्यंत तिच्या हातात अडीच महिनेच उरतात. झोयशिया लावायचं तर रोहिणीच गाठा.

जमीन: खरं काम इथंच आहे

लागणीच्या दीड-दोन महिने आधी, म्हणजे एप्रिलमध्ये, काम सुरू करा. नव्या प्लॉटवर बांधकामाचा राडारोडा, सिमेंटचे पापुद्रे, जांभ्याचे तुकडे असतात. 8-9 इंच खोल खणून ते सगळं वेचून काढा. मुरूम भरलेला असेल तर वर किमान 6 इंच चांगली माती पाहिजे. माती विकत आणताना ती कुठल्या रानातली हे विचारा. उसाच्या जुन्या रानातली माती म्हणजे लव्हाळ्याच्या गाठी फुकट. मी तशी एक ट्रॉली घरी आणलेली आहे, त्यामुळं हे अनुभवाचे बोल.

बेळगाव-खानापूरकडची तांबडी माती निचऱ्याला चांगली, पण आम्ल आणि खताला उपाशी. स्फुरद (फॉस्फरस) टाकलं तर ते पकडून ठेवते, मुळाला देत नाही. चिक्कोडी-अथणीकडची काळी माती खत धरते, पण पावसात चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात चार पाट्या वाळू टाकून काही होत नाही. भरपूर कुजलेलं खत आणि पाण्याला वाट, हाच तिचा इलाज. माती तपासून घ्या. मत्तीकोप्प किंवा तुक्कानट्टीचं कृषी विज्ञान केंद्र, धारवाडचं कृषी विद्यापीठ, नाहीतर जवळचं रयत संपर्क केंद्र, कुठंही चौकशी करा. चुना टाकायचा की नाही हे त्या अहवालावरून ठरवा, शेजाऱ्यानं टाकला म्हणून नव्हे.

आता लव्हाळा. खणून झालं की जागा भिजवा आणि गप्प बसा. दहा-बारा दिवसांत लव्हाळ्याचे हिरवे कोंब दिसतील. खुरप्यानं नुसते खुडू नका. खाली गाठींची माळ असते, वरचा कोंब तोडला की बाजूच्या गाठी जाग्या होतात. गाठीसकट उकरून काढा. परत भिजवा, परत काढा. असं तीनदा करा. हे काम कंटाळवाणं आहे, पण लॉन भरल्यावर त्यातून लव्हाळा काढणं याच्या दसपट कंटाळवाणं आहे. औषध मारून मोकळं होऊ म्हणाल तर ग्लायफोसेट या तणनाशकावर केंद्र सरकारनं 2022 मध्ये बंधन आणलं. त्या आदेशानुसार ते कीडनियंत्रण चालकांमार्फतच वापरायचं, घरच्या पंपानं मारायचं नाही.

शेवटच्या खणणीत गुंठ्याला 500 किलो चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा, चौरस मीटरला 5 किलो पडतं. साखर कारखान्याचं प्रेसमड (उसाचा रस गाळल्यावर उरलेला गाळ) मिळत असेल तर तेही चालतं, पण पूर्ण कुजलेलंच. कच्चं टाकलं तर ते जमिनीतला नत्र (नायट्रोजन) स्वतःच्या कुजण्याला खातं आणि गवत पिवळं पडतं. कच्च्या शेणखताचा दुसरा धोका म्हणजे त्यातून येणाऱ्या अळ्या. हुमणी काय करते हे ऊसवाल्यांना वेगळं सांगायला नको. लॉनमध्ये ती मुळं खाते आणि गवत सतरंजीसारखं हातात उचलून येतं. खत पसरून, चाळवून, पांढऱ्या वाकड्या अळ्या दिसल्या तर वेचा, मगच मातीत घाला.

याच वेळी गुंठ्याला 5 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो म्युरेट ऑफ पोटॅश वरच्या 4 ते 6 इंचांत मिसळून टाका. स्फुरद मातीत जागचं हलत नाही. नंतर वरून फेकलेलं मुळापर्यंत पोचायला फार वेळ लागतो, म्हणून ते आधीच मुळांच्या वाटेवर ठेवायचं. युरिया आत्ता टाकायचा नाही.

मग सपाटीकरण. घराकडून बाहेर, दर 10 फुटांना सव्वा ते अडीच इंच उतार द्या. पाणी मारा, वाफसा आला (माती ओलसर, पण चिकटत नाही) की लोखंडी पिंपात अर्धं पाणी भरून ते फिरवा. त्यावर चालून बघा. पाऊल अर्ध्या इंचापेक्षा जास्त रुतलं तर जमीन अजून भुसभुशीत आहे, आणखी एकदा फिरवा. खळगे आत्ताच भरा. नंतर तिथं पाणी साचतं आणि कापणी यंत्राचं पातं टेकाडं सोलून काढतं.

अंतराचा हिशेब

आता तो मघाचा हिशेब. समजा दोन इंच बाय दोन इंचाचे तुकडे लावतो आहोत. एक चौरस फूट गादीतून, म्हणजे मातीसकट उचललेल्या गवताच्या थरातून, असे 36 तुकडे निघतात.

फूटभर अंतरावर लावले तर गुंठ्याला 1089 तुकडे, म्हणजे साधारण 30 चौरस फूट गादी. पहिल्या दिवशी जमिनीचा 3 टक्क्यांहून कमी भाग झाकला जातो आणि दोन तुकड्यांत 10 इंच उघडी माती राहते. सहा इंचांवर लावले तर 4356 तुकडे, 121 चौरस फूट गादी, 11 टक्के झाकण, मधली फट 4 इंच. चार इंचांवर 9801 तुकडे, 272 चौरस फूट गादी, 25 टक्के झाकण, फट फक्त 2 इंच. प्रत्येक तुकड्यानं चारी बाजूंना इंच-इंच सरकायचं की काम झालं.

यात खत घाला. सगळीकडं सारखा 1 किलो युरिया फेकला, तर फूटभर अंतराच्या लॉनमध्ये त्यातला 28 ग्रॅम गवताच्या तुकड्यांवर पडतो आणि 972 ग्रॅम उघड्या मातीवर. मुळं थोडी बाजूला जातात हे धरलं तरी बहुतेक मेजवानी तणांची. पाण्याचंही तेच. मी वर्षभर पैसे देऊन लव्हाळा पोसला तो असा. विरळ लागण खतानं भरून काढायची म्हटली की हेच होतं. झोयशियाच्या बाबतीत तर नत्राचा डोस वाढवल्यानं पसरण्याचा वेग फारसा वाढतच नाही. तिथं लागणीचं अंतर हाच खरा जोर. हरळी नत्राला चांगला प्रतिसाद देते, पण तीही मध्ये तण नसेल तरच.

म्हणून माझं मत असं: पैसे खतात न घालता गादीत घाला. हरळी गट सहा इंचांवर, साधारण दोन महिन्यांत भरतो. झोयशिया चार इंचांवर. सहा इंचांवर लावलंत तर पाच-सहा महिने खुरपं हातात धरायची तयारी ठेवा, आणि फूटभरावर लावलंत तर वर्ष-दोन वर्षं. बजेट कमी असेल तर सगळ्या गुंठ्यात विरळ लावण्यापेक्षा दारासमोरचा पाव गुंठा यंदा दाट लावा. पुढच्या वर्षी त्यातलेच तुकडे काढून बाकीचं करता येतं.

लागण

हरळी गटाला तुकड्यांऐवजी कांड्याही चालतात. ऊस लावलेल्या माणसाला हे दोन मिनिटांत समजतं. दोन-तीन डोळ्यांचं टिपरं लावतो तसंच, फक्त बोटभर लांबीचं. दोरी धरून सहा-सहा इंचांवर बोटभर खोल सऱ्या काढा, त्यात चार-चार इंचांवर कांड्या तिरक्या ठेवा. खालचे डोळे मातीत आणि शेंडा पाव भाग बाहेर. सगळं गाडलं तर कुजतं, सगळं वर राहिलं तर वाळतं. माती दाबून घ्या. डोळा आणि माती यांच्यात पोकळी राहिली की मूळ सुटत नाही.

कांड्या पोत्यानं विकत मिळतात. पोतं उघडून हात आत घाला. आत गरम लागलं, वास आला किंवा कांड्या तपकिरी झालेल्या दिसल्या तर परत करा. हिरव्या, टणक कांड्याच घ्या आणि आणल्या दिवशी लावून संपवा. लावताना ढीग उन्हात ठेवायचा नाही, ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवायचा. मेच्या उन्हात उघडी कांडी तासाभरात जाते, आणि ती मेली हे तुम्हाला आठ दिवसांनी कळतं.

एक पट्टा लावून झाला की लगेच पाणी. दुपारी चार माणसं लागणीला आणि एक माणूस पाइपवर, असं वाटून घ्या. सगळं लावून झाल्यावर पिंप हलकं करून एकदा फिरवा. वरून बारीक केलेल्या शेणखताचा पातळ थर, एक मिलिमीटरचा, कोंब दिसत राहतील इतकाच. पाचट पसरायचा मोह होईल. लांब पाचटाखाली सावली होते, गवताला ती नको असते.

पहिले दहा दिवस दिवसातून तीन-चार वेळा फवाऱ्यानं हलकं पाणी. वरची माती सुकता कामा नये, पण थारोळंही नको. पुढचे पंधरा दिवस दोनदा. मग एकदा, पण भरपूर, म्हणजे मुळं खाली जातील. वळीव झाला तर तेवढ्या वेळा टाळा.

खत कधी, किती

लावल्यावर पंधरा-वीस दिवसांनी एखादी कांडी हलकेच ओढून बघा. सहज निघून आली तर थांबा. ओढ लागली आणि टोकाला पांढरी मुळं दिसली की पहिला युरिया द्या: गुंठ्याला 500 ग्रॅम. आकडा छोटा वाटेल. उसाला पोत्यानं खत टाकणाऱ्या माझ्या मेव्हण्याला तर तो चेष्टेचा वाटला. पण चौरस मीटरला पाचेक ग्रॅम युरिया पडायचा तर एवढाच लागतो. नुकत्या फुटलेल्या मुळाला याहून जास्त मीठ सोसत नाही, आणि जास्तीचा नत्र पहिल्याच मोठ्या पावसात झिरपून जातो.

नंतर हरळी गटाला दर पंधरा दिवसांनी 500 ग्रॅम, झोयशियाला महिन्याला 500 ग्रॅम, लॉन भरेपर्यंत. झडीच्या आठवड्यात हप्ता चुकवा, उघडीप पडल्यावर द्या. उशिरा दिलेलं चालतं, दोन हप्ते एकत्र दिलेले चालत नाहीत.

टाकायची रीत महत्त्वाची. 500 ग्रॅम युरिया 5 किलो कोरड्या वाळूत नीट मिसळा, दोन भाग करा. एक भाग पूर्व-पश्चिम चालत फेका, दुसरा दक्षिण-उत्तर. पानं कोरडी असताना फेका आणि लगेच पाणी द्या. सकाळच्या दवात फेकलेला युरिया पानाला चिकटतो आणि दुसऱ्या दिवशी लॉनवर तपकिरी पट्टे उठतात. मुठीनं फेकलं की गडद हिरवे ठिपके येतात, आणि येणारा पाहुणा मांजराचं नाव घेतो.

काळ्या, चुनखडीच्या मातीत कधी कधी युरिया देऊनही कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहतात. ती लोहाची कमतरता. आणखी युरिया देऊ नका. लिटरला 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून संध्याकाळी फवारा. फरशीवर उडू देऊ नका, गंजाचे डाग जन्मभर राहतात.

पहिल्या महिन्याअखेर नांग्या भरायला विसरू नका. मेलेल्या जागी नवे तुकडे तेव्हाच लावले तर ते बाकीच्यांबरोबर येतात.

कापणी आणि पुढं

गवत दोन इंच झालं की पहिली कापणी, धारदार पात्यानं. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या भागापेक्षा जास्त घेऊ नका. शेंडा कापला की गवत आडवं धावतं, म्हणून ‘भरू दे, मग कापू’ हे उलटं गणित आहे. हरळी एक ते दीड इंचावर ठेवा, झोयशिया दीड ते दोनवर.

भरलेल्या लॉनला वर्षाला हरळीसाठी तीन-चार वेळा 1 किलो युरिया गुंठ्याला पुरतो, झोयशियाला दोनदा. मार्च, जून, सप्टेंबर या महिन्यांच्या आसपास. सप्टेंबरच्या हप्त्याबरोबर 1 किलो म्युरेट ऑफ पोटॅश द्या. नोव्हेंबर ते जानेवारी नत्र बंद. थंडीत रात्रीचा पारा उतरला की रंग फिका होणार, कुठंकुठं पिवळटही दिसणार. गवत झोपलेलं असतं, त्याला खत देऊन उठवता येत नाही. पाणी आठवड्यातून एकदा बस्स. फेब्रुवारीच्या उन्हात ते आपोआप जागं होतं.

दुसऱ्या वर्षीच्या रोहिणीत घरच्या लॉनमधून तुकडे काढून उरलेली जागा भरता येते. तुकडे एका ओळीत न काढता विखरून, फुटाला एक असे काढा. खळग्यात माती आणि कुजलेलं खत निम्मं-निम्मं भरून पायानं दाबा. तसेच मोकळे सोडले तर आपलाच पाय मुरगळतो. हरळीचे खळगे महिन्याभरात बुजतात. मेक्सिकनचे श्रावणापर्यंत दिसत राहतात, त्यामुळं तोपर्यंत अंगणात पोरांना पळू देताना जरा लक्ष ठेवा.